पाचपैकी तीन

पत्रातला प्रश्न, थोडक्यात: पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करणाऱ्या, नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या एका ताईंचं हे पत्र आहे. दर वर्षी अप्रेझलचा फॉर्म आला की त्यांच्या पोटात गोळा येतो. आपल्या कामाबद्दल आपणच लिहायचं आणि स्वतःला पाचपैकी गुणही आपणच द्यायचे. "स्वतःची टिमकी वाजवू नये" हे घरात आणि संडे स्कूलमध्ये ऐकतच त्या मोठ्या झाल्या. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी सगळ्या रकान्यांत ३ लिहिले आणि खाली एकच ओळ: 'टीमच्या सहकार्याने सर्व कामे वेळेत पूर्ण झाली.' टीम लीडची जागा दोन वर्षांनी ज्युनिअर असलेल्या सहकाऱ्याला मिळाली. यंदा त्यांनी बिलिंगमधली एक मोठी चूक रिलीजच्या आधी पकडली आणि नव्या तीन मुलींना तयार केलं. नवरा म्हणतो, तोंड उघड. आई म्हणते, देव पाहतोय. महिला मंडळातल्या एका बहिणीने बायबलमधलं स्तोत्र ७५ काढून दाखवलं: उन्नती पूर्वेकडून येत नाही की पश्चिमेकडून येत नाही, न्याय करणारा देव आहे. फॉर्मला १२ दिवस उरलेत. "गप्प राहिले तर मागे पडते, बोलले तर मन खातं. जगाच्या रीतीनं वागायचं की देवावर सोडायचं?"

ताई, सलाम.

आधी त्या तीनबद्दल बोलू. गेल्या वर्षी तुम्ही सगळीकडे ३ लिहिले तेव्हा तुमचं काम खरंच तीनचं होतं का? पत्रातल्या तपशिलावरून तसं वाटत नाही. म्हणजे तो आकडा चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. सहकाऱ्याने चारच्या कामाला पाच लिहिले असते तर तुम्ही त्याला फुगवणं म्हटलं असतं. चारच्या कामाला तीन लिहिण्याला आपल्याकडे नम्रता म्हणतात. आकडा दोन्हीकडे खोटाच, एकीकडे फक्त त्याला चांगले कपडे घातलेत. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात, १२व्या अध्यायात, प्रेषित पौल सांगतो की स्वतःला जसं मानायला हवं त्याहून अधिक मानू नका, मर्यादेनं माना. 'कमी माना' असं तो तिथे म्हणत नाही. माप बरोबर असावं, एवढंच त्याचं म्हणणं आहे. किराणा दुकानातला काटा गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकलेला असला तरी तो बिघडलेलाच काटा.

आता एक जरा अवघड प्रश्न. उत्तर मला कळवू नका, स्वतःशीच द्या. तीन लिहून झाल्यावर मनात कुठेतरी असं होतं का, की मॅनेजर हे वाचेल, मान हलवेल आणि म्हणेल, 'नाही नाही, तुमचं काम चारचं आहे'? असेल तर ते अगदी माणसासारखं आहे, लाजू नका. पण मग ते मागणंच झालं, फक्त न बोलता. लूकच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात येशू सांगतो की मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागी जाऊन बसा. तो दाखला ऐकून पुष्कळ जण शेवटच्या पंगतीत बसतात खरे, पण डोळे यजमानाकडे लावून. 'वर येऊन बस' ही हाक आली नाही की जेवण कडू होतं. गेल्या वर्षीचा तुमचा कडवटपणा त्या सहकाऱ्यामुळे किती आणि या न आलेल्या हाकेमुळे किती, हे एकदा तपासा.

बहिणीने दाखवलेलं वचन खरं आहे, पण ती सहावी-सातवी ओवी झाली. चौथ्या-पाचव्या ओवीत कोणाशी बोलणं चाललंय ते पाहा: उन्मत्तांशी. आपलं शिंग उंच करू नका, ताठ मानेनं बोलू नका. दुसऱ्याला तुडवून वर चढणाऱ्याला दिलेली ती ताकीद आहे. जिने वर्षभर रात्रीचे फोन उचलले, तिने आपलं काम सांगू नये असा हुकूम त्यात कुठेच नाही. आईचं 'देव पाहतोय' हेही खरंच. मात्र मत्तयच्या शुभवर्तमानात, ६व्या अध्यायात गुप्तपणे करायच्या म्हणून तीनच गोष्टी दिल्यात: दानधर्म, प्रार्थना आणि उपास. मजुरी त्या यादीत नाही. मजुरीबद्दल याकोबाच्या पत्रात उलटंच लिहिलंय, की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. तुमच्या आईंना हे दोन उतारे शेजारीशेजारी ठेवून दाखवा. रागावणार नाहीत.

ग्रीसच्या उत्तरेकडच्या फिलिप्पै या गावाकडे मात्र जरा निवांत पाहायला हवं, कारण नम्रतेवरचा आपला सगळ्यात लाडका उतारा त्या गावाला लिहिलेला आहे. इ.स.पू. ४२ च्या लढाईनंतर तिथे निवृत्त रोमी सैनिक वसवले गेले. रोमची वसाहत, रोमचा कायदा आणि रोमची मिजास. आपण कोणकोणती पदं भूषवली ते क्रमानं दगडात कोरून घेण्याची तिथे हौस. असे शिलालेख उत्खननात निघालेत. दगडावरचं लिंक्डइनच म्हणा ना. ग्रीकमध्ये 'तापेइनॉस' म्हणजे खालचा, हलका. पुष्कळदा हा शब्द तुच्छतेनंच वापरला जाई. त्याच शब्दापासून झालेली 'लीनता' पौल या लोकांना गुण म्हणून सांगतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो ज्याला 'पोकळ डौल' म्हणतो, त्या मूळ शब्दात आणि चार ओव्यांनंतर ख्रिस्ताने 'स्वतःला रिक्त केले' या शब्दात धातू एकच आहे: रिकामेपणाचा. आतून पोकळ असून फुगून दाखवायचं हा एक रिकामेपणा. भरलेला असताना दुसऱ्यासाठी ओतून द्यायचं हा दुसरा. आणि ख्रिस्ताची पायरीपायरीची यादी तिथे वरून खाली येते: देवाचं स्वरूप, दास, मनुष्य, मरण, आणि तेही वधस्तंभावरचं. पदं चढत्या क्रमानं कोरणाऱ्या गावाला ती वाचताना कसं वाटलं असेल?

याच गावात याच पौलाला चौकशीशिवाय छड्यांनी फोडून काढलं होतं. पाय खोड्यात, आतली कोठडी, मध्यरात्रीची गीतं, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. सकाळचा भाग आपण उपदेशात घाईने उरकतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून निरोप दिला, सोडून द्या त्यांना. पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघडपणे मारलंत आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या. पौल तिथून तडक गाव सोडून गेला नाही. आधी त्या गावात त्याला आसरा देणाऱ्या लुदियेच्या घरी गेला आणि नव्या विश्वासणाऱ्यांना भेटला. ते त्या गावात मागे राहणार होते. त्यांच्या डोक्यावर 'फटके खाल्लेल्या गुन्हेगाराची मंडळी' हा शिक्का राहू नये, हाच त्या हट्टामागचा हेतू असावा, असं मला वाटतं.

स्वतःला रिक्त करण्याबद्दल लिहिणारा आणि 'स्वतः येऊन न्या' म्हणणारा माणूस एकच आहे. त्याच्या लेखी या दोन्हींत भांडण नव्हतं.

तुमचा 'जग की देव' हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागी रेघ ओढतो. फॉर्म म्हणजे जग नव्हे. रेटिंग हीच माझी किंमत, दुसरा वर गेला म्हणजे मी खाली गेले, आणि वर जायचं तर कोणाचं तरी नाव झाकावं लागतं, हे जगाचं मोल. येशूचे शिष्य याकोब आणि योहान त्याच्या उजवी-डावीकडची जागा मागायला आले तेव्हा बाकीचे दहा भडकले, कारण त्यांनाही तीच जागा हवी होती. येशूने त्या दोघांना हाकललं नाही. बाराही जणांना बोलावून सांगितलं की परराष्ट्रीयांचे अधिपती धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. तुमची खरी परीक्षा फॉर्मच्या रकान्यात होणार नाही. लीड झाल्यावर दिवाळीच्या रात्रीच्या ड्युटीचा तक्ता कराल तेव्हा होईल, आणि तयार केलेल्या मुलींपैकी एखादी तुमच्यापुढे निघून जाईल तेव्हा होईल.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण अशी पत्रं बहुतेक बायकांची येतात. नगर-जालना भागातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांतल्या पणज्यांना गावानं जातीच्या नावावर वाकायला लावलं होतं. ते वाकणं ही लीनता नव्हती, जबरदस्ती होती. लूकच्या १३व्या अध्यायात १८ वर्षं कुबड आलेली बाई भेटते. येशू तिला 'अशीच नम्र राहा' म्हणत नाही. तो तिला ताठ उभी करतो, आणि सभास्थानाचा अधिकारी त्यावर चिडतो. कोणी आधीच वाकवलेल्या माणसाला लीनतेचा उपदेश करताना पाळकांनी आणि मंडळांनी हा अध्याय समोर ठेवावा.

देवावर अवलंबून राहण्याचं उत्तम उदाहरण म्हणून मी पारसच्या राजाच्या पदरी असलेल्या यहुदी नहेम्याकडे बोट दाखवेन. किसलेव महिन्यात यरुशलेमचा तट पडलेला असल्याची बातमी कळली, नीसान महिन्यात तो राजाशी बोलला. म्हणजे मधले सुमारे चार महिने उपास आणि प्रार्थना. राजाने विचारलं, तुला काय हवं? त्या क्षणी त्याने मनातल्या मनात पुन्हा प्रार्थना केली आणि मग मागितलं, तेही नेमकं: किती दिवसांची रजा, नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडाची चिठ्ठी. दरवाजांसाठी, तटासाठी, आणि स्वतः राहणार त्या घरासाठीसुद्धा. घराचं लाकूड मागायला तो लाजला नाही. सगळं मिळाल्यावर म्हणाला, देवाचा वरदहस्त माझ्यावर होता. पुढे तट ५२ दिवसांत झाला. आपल्याकडे दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना आसरा दिला तो असाच: प्रार्थना होतीच, आणि शेती, विहिरी, हातमाग, छापखानाही होता. त्याआधी अमेरिकेत जाऊन त्यांनी उघडपणे मदत मागितली, म्हणून १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. प्रार्थना केली की मागणं मोघम ठेवावं, असं या दोघांनाही वाटलं नाही.

आता तुमचे १२ दिवस.

पहिले दोन दिवस फॉर्म उघडूच नका. जुने मेल, टिकेटं, रिलीजच्या नोंदी चाळा आणि वर्षातली चार किंवा पाच कामं निवडा. पंधरा नकोत, पंधरा लिहिली की वाचणारा एकही लक्षात ठेवत नाही. प्रत्येक कामासमोर लिहा: अडचण काय होती, मी काय केलं, कोण बरोबर होतं, कोणत्या महिन्यात, आणि त्यामुळे काय झालं किंवा टळलं. फॉर्म इंग्रजीत असला तरी हा कच्चा खर्डा मराठीत करा. आपल्या भाषेत वाक्य फुगलं की लगेच कानाला खटकतं, आणि उगाच आक्रसलं तरी.

गेल्या वर्षीची ओळ पाहा: 'टीमच्या सहकार्याने सर्व कामे वेळेत पूर्ण झाली.' यात कर्ताच नाही. कोणी केलं, काय केलं, काहीच कळत नाही. तुम्हाला वाटलं तुम्ही स्वतःला लपवलंत, पण त्याच ओळीखाली टीममधले बाकीचेही गाडले गेले. त्याऐवजी असं: 'रिलीजच्या आठ दिवस आधी बिलिंगमध्ये जीएसटी दोनदा लागत असल्याचं मी शोधलं. दुरुस्ती अमुकने केली. फेरतपासणी मी आणि तमुकने दोन रात्रींत केली. रिलीज ठरल्या तारखेला गेला.' जे तुम्ही केलं तिथे 'मी'. जे दुसऱ्याने केलं तिथे त्याचं नाव. प्रत्येक वाक्याला एकच चाळणी लावा: ज्याचं नाव त्यात आहे त्याच्यासमोर ते मोठ्यानं वाचलं तर तो मान हलवेल का? नाव गाळलेला कोणी शेजारी बसलेला असेल तर तो गप्प होईल का? मग खर्ड्यातून 'सर्वोत्तम' आणि 'एकटीने' काढा, आणि तितक्याच निर्दयपणे 'थोडीफार', 'जमेल तशी', 'फक्त' हेही काढा. 'देवाच्या कृपेने' फॉर्ममध्ये लिहू नका. लाज म्हणून नव्हे. तो मॅनेजरचा रकाना नाही, आणि बढाईवर कोथिंबिरीसारखं ते भुरभुरायची आपल्यातल्या काहींना फार सवय आहे.

गुण देण्याआधी कंपनीच्या सूचनांत प्रत्येक आकड्याची व्याख्या वाचा. सहसा ३ म्हणजे अपेक्षेप्रमाणे आणि ४ म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. प्रत्येक उद्दिष्टाला वेगळा आकडा द्या. सगळीकडे एकच आकडा दिसला की वाचणारा समजतो, हिने विचारच केला नाही. जिथे खरंच कमी पडलात तिथे २ किंवा ३ लिहा आणि का ते एका वाक्यात सांगा. एका ठिकाणचा खरा २ बाकीच्या चारांना वजन देतो.

घाई एवढ्यासाठी की पुष्कळ कंपन्यांत मॅनेजरचे आकडे पुढे एका बैठकीत जातात. तिथे सगळ्या टीमची तुलना होते आणि वरच्या आकड्यांना मर्यादा असते. तुमच्यासाठी भांडायला मॅनेजरला तिथे जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि तो तुमच्याच फॉर्ममधली वाक्यं उचलतो. तुम्ही स्वतःला ३ दिले असतील तर त्याच्या हातात काहीच नाही. बैठक झाल्यावर आकडा हलणं कठीण. म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी त्याच्याकडे २० मिनिटं मागा. तीन वाक्यं पुरेत: "मला लीडची जबाबदारी घ्यायची आहे. या वर्षी मी ही तीन कामं केली. त्या जागेसाठी माझ्यात अजून काय कमी दिसतं?" आणि मग गप्प बसा. शांतता भरून काढायला 'तसं काही नाही हो, सहज विचारलं' म्हणू नका. इथेच बहुतेकींचा घात होतो. गेल्या वर्षीच्या सहकाऱ्याचं नाव काढू नका. संध्याकाळी काय ठरलं त्याचा चार ओळींचा मेल पाठवा.

तुमच्या कामाचं श्रेय कोणी बैठकीत स्वतःकडे ओढलं असेल, तर मत्तय १८ ची पद्धत ऑफिसातही चालते: आधी त्यालाच, एकट्याला गाठा. मात्र त्याच आठवड्यात. सहा महिने साठवून बोललात तर मुद्दा बाजूला राहतो आणि राग तेवढा बाहेर येतो.

फॉर्म पाठवल्यावरची प्रार्थना आधीच्या प्रार्थनेपेक्षा अवघड असते. 'चार मिळू दे' हे जरूर मागा, मुलांनी बापाकडे मागावं तसं. पण निकालाच्या आधीच एका कागदावर लिहून ठेवा: तीनच आले तर मी काय करेन. राजीनामा, रडणं, भांडण यांतलं काहीही पहिल्या ४८ तासांत नको. मग कारण विचारायचं, लेखी मिळालं तर उत्तम. कारण पटलं तर सहा महिन्यांचं काम ठरवून घ्यायचं. पटलं नाही तर दुसरी टीम किंवा दुसरी कंपनी पाहणं हा अविश्वास नाही. फक्त नोटीसचे दिवस आणि घराचे हप्ते आधी मोजा, बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करा हे येशूनेच सांगितलंय. हातात नसलेली दुसरी ऑफर दाखवून दबाव मात्र आणू नका. आणि डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन म्हणजे देवाचा इशारा, हा मंडळातला प्रकार नोकरीच्या निर्णयाला लावू नका. कारणं लिहा, तुमचं काम ओळखणाऱ्या आणि तुमच्यावर प्रेम करणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना विचारा, प्रार्थना करा आणि ठरवा.

बोलल्यावर मन खाईल, असं तुम्ही लिहिता. खाईल. इतक्या वर्षांची सवय आहे ती. पण तो प्रत्येक वेळी पवित्र आत्म्याचाच आवाज असतो असं नाही. कधी 'मुलीच्या जातीनं' अशी सुरुवात करणाऱ्या मावशीचाही असतो. ओळखायची सोपी खूण अशी: आत्म्याची टोचणी नेमकी असते, 'या वाक्यात अमुकचं नाव गाळलंस' अशी. ती दुरुस्त करता येते, लगेच करा. मावशीची टोचणी नुसतीच 'तू कोण लागून गेलीस' म्हणते, तिला दुरुस्ती नसते.

आणि त्या तीन मुली. त्यांनाही याच आठवड्यात फॉर्म भरायचा असेल. काम तुमच्याकडून शिकल्या, तशी 'टीमच्या सहकार्याने' ही ओळही तुमच्याकडूनच उचलली असण्याची शक्यता दाट आहे. उद्या चहाच्या वेळी त्यांना तेवढी खोडायला सांगा.